इन्फ्लुएन्सर आणि ॲफिलिएट: ऑनलाइन विक्रीसाठी नेमका कोण शोधायचा?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून काळा मसाला, केळीचे वेफर्स, मिरचीची पूड असा माल स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणारा उद्योजक जेव्हा ‘आपल्यासाठी विक्री करून देणारी माणसे हवीत’ असे ठरवतो, तेव्हा बहुधा तो सर्वांत जास्त फॉलोअर्स असलेल्या व्यक्तीला गाठतो. येथेच इन्फ्लुएन्सर आणि ॲफिलिएट यांची गल्लत होते. दोघेही मोबाइलच्या पडद्यावरच भेटतात, दोघांच्याही व्हिडिओखाली दुव्याची ओळ असते आणि एकच व्यक्ती दोन्ही कामे करताना दिसते, त्यामुळे हा घोटाळा स्वाभाविक आहे. तरीही दवंडी देणारा आणि अडत्या यांच्यात जो फरक आहे, तोच या दोघांत आहे: पहिल्याला पुकारण्याचे पैसे मिळतात, दुसऱ्याला माल विकला गेला तरच.

इन्फ्लुएन्सरशी होणारा व्यवहार सरळ असतो. ठरलेला व्हिडिओ किंवा पोस्ट प्रसिद्ध झाली की ठरलेले मानधन द्यायचे. विक्री झाली नाही तर ती जोखीम विक्रेत्याची. ॲफिलिएटला मात्र स्वतंत्र दुवा किंवा कूपन कोड दिला जातो, त्यावरून आलेल्या ग्राहकाची नोंद होते आणि प्रत्यक्ष खरेदीवर कमिशन मिळते. ॲमेझॉनने आपली ॲफिलिएट योजना १९९६ मध्ये, म्हणजे ती कंपनी केवळ पुस्तके विकत होती त्या काळात सुरू केली; तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे.

हिशेब मांडला की फरक ठळक होतो. समजा, मसाल्याचे पाकीट ५०० रुपयांचे आहे आणि कमिशन १० टक्के आहे. एखाद्या इन्फ्लुएन्सरला एका व्हिडिओसाठी २५,००० रुपये दिले, तर तेवढ्याच रकमेच्या कमिशनमध्ये ॲफिलिएटकडून ५०० पाकिटे विकली गेली असती. व्हिडिओमुळे ५०० पाकिटे खपतील का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. अहिराणी विनोदी व्हिडिओंना प्रचंड प्रेक्षक आहेत, पण तो प्रेक्षक हसायला आलेला असतो. याउलट शेवभाजीची कृती शोधणारी व्यक्ती स्वयंपाकाच्या तयारीत असते. तिने पाहिलेला दोन वर्षांपूर्वीचा साधा व्हिडिओसुद्धा आज गिऱ्हाईक आणू शकतो. चांगल्या ॲफिलिएटची पहिली खूण हीच, की त्याच्याकडे येणारा माणूस काहीतरी घेण्याच्या विचारात असतो.

असे ॲफिलिएट शोधण्यासाठी फॉलोअर्सच्या यादीपेक्षा शोधयंत्र उपयोगी पडते. ‘खान्देशी काळा मसाला कुठे मिळतो’, ‘भरीतासाठी कोणता मसाला’ अशा प्रश्नांवर पहिल्या पानावर कोण दिसते ते पाहावे. ज्या व्हिडिओखाली ‘ताई, हा मसाला कुठून घेतला?’ अशा प्रतिक्रिया वारंवार आहेत, त्याच्या कर्त्याला सर्वांत आधी पत्र लिहावे, मग त्याचे सदस्य पाच हजारच का असेनात. दुसरा स्रोत म्हणजे आपलेच जुने ग्राहक. सुरत, पुणे आणि नाशिक येथे स्थायिक झालेली असंख्य खान्देशी कुटुंबे गावाकडच्या चवीचा माल मागवतात, आणि नातेवाइकांसाठीही वारंवार मागणी नोंदवणारा ग्राहक त्या वर्तुळात उत्तम ॲफिलिएट होऊ शकतो.

मुरलेला ॲफिलिएट केवळ कमिशनच्या टक्केवारीवर भुलत नाही. दुव्यावरून शंभर जण आले तर त्यांपैकी किती जण खरेदी करतात, हे तो आधी विचारतो. वरच्या उदाहरणात शंभरातील एकच जण घेत असेल, तर त्याला प्रत्येक क्लिकमागे ५० पैसे पडतात. तिघे घेत असतील तर दीड रुपया. म्हणून दुकानाचे पान मोबाइलवर संथ उघडत असेल किंवा टपालखर्च शेवटच्या पायरीवर अचानक दिसत असेल, तर कमिशन वाढवून उपयोग नाही. आधी ते पान दुरुस्त करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद किती काळ टिकते यालाही महत्त्व आहे. ॲमेझॉनच्या दुव्यावर साधारणपणे २४ तासांत झालेली खरेदीच धरली जाते. छोट्या विक्रेत्याने ३० दिवसांची मुदत दिली, तर वर्षभराचा मसाला घरी विचारून मागवणाऱ्या ग्राहकाचे श्रेयही ॲफिलिएटला मिळते.

मात्र आकड्यांनी फसायचे नाही. कूपन गोळा करणारी संकेतस्थळे विक्रीच्या यादीत अनेकदा वर दिसतात, कारण शेवटच्या क्लिकला श्रेय देण्याची पद्धत रूढ आहे. ग्राहकाने मालाची निवड केलेली असते आणि तो फक्त सवलत शोधायला तिकडे वळलेला असतो. नवे ग्राहक कोण आणतो, हा रकाना वेगळा पाहिला की खरा कर्तबगार ॲफिलिएट ओळखता येतो. तसेच माल पोहोचल्यावर पैसे देण्याच्या मागण्यांपैकी काही परत येतात, म्हणून परताव्याची मुदत संपल्यानंतरच कमिशन पक्के करावे आणि ही अट सुरुवातीलाच लेखी द्यावी.

कायद्याच्या एका बाबतीत मात्र दोघांत भेद नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शनानुसार, पैसे किंवा अन्य लाभ घेऊन शिफारस करणाऱ्याने तो संबंध ठळकपणे सांगायचा असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो उत्पादकालाही लागू होतो. त्यामुळे ‘या मसाल्याने मधुमेह बरा होतो’ असे लिहिणारा ॲफिलिएट कितीही विकत असला, तरी त्याला ताबडतोब थांबवावे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी नवा माल बाजारात आणायचा असेल आणि नाव पोहोचवणे हाच हेतू असेल, तर इन्फ्लुएन्सरला मानधन देणे योग्य ठरते. कधीकधी मधला मार्गही काढता येतो: व्हिडिओच्या खर्चापुरती छोटी रक्कम द्यावी आणि बाकीचे कमिशन त्याच्या स्वतःच्या कोडवर ठेवावे. त्या कोडवर पुढच्या तीन महिन्यांत काय येते, यावरून त्याला नियमित ॲफिलिएट करून घ्यायचे की नाही, हे ठरवता येईल.