सेंट लुईसपर्यंत रस्ता ठरवू नका

न्यू जर्सीतलं बिऱ्हाड हलवून गाडीनेच कॅलिफोर्नियाला निघालेली मराठी मंडळी मार्चमध्ये एक प्रश्न हमखास विचारतात: वरून आय-८० महामार्गाने जावं, की खालून आय-४० ने? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. घरातून निघताना ते ठरवूच नका; वाटेतल्या सेंट लुईसला पोचल्यावर ठरवा.

आपल्याकडे उत्तरेची थंडी हिमालय अडवतो. अमेरिकेतले मोठे पर्वत मात्र उत्तर-दक्षिण पसरलेत. कॅनडातली गोठलेली हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरची दमट, ऊबदार हवा यांच्यामध्ये आडवी भिंतच नाही. मार्चमध्ये उत्तर अजून थिजलेली असते आणि दक्षिण तापू लागलेली. त्यात पश्चिमेची हवा रॉकी पर्वत ओलांडून कोलोरॅडोच्या मैदानात उतरते, तेव्हा तिचा स्तंभ उभा ताणला जातो, बारीक होतो आणि जोरात फिरू लागतो. फुगडी घालणाऱ्या दोघी जवळ ओढल्या गेल्या की गिरकी वाढते ना, तसंच. १३ मार्च २०१९ ला याच भागात उठलेल्या वादळाने डेन्व्हर विमानतळ ठप्प केला होता.

आय-८० वरची खरी परीक्षा वायोमिंगमधली, लॅरमी ते रॉलिन्स. जुना रस्ता मेडिसिन बो गावावरून वळसा घालून जायचा. अंतर वाचवायला अभियंत्यांनी नवा रस्ता एल्क माउंटनच्या कुशीतून काढला; तिथलं वारं ओळखणारे गावकरी नको म्हणत होते. ३ ऑक्टोबर १९७० ला रस्ता खुला झाला आणि चारच दिवसांत बर्फाने बंद पडला! इथे आकाशातून काही पडावंच लागत नाही. आधी पडून राहिलेला भुसभुशीत बर्फ वारा उचलतो आणि रस्त्यावर पांढरा पडदा धरतो. फोनवर सूर्याचं चित्र, समोर बंद फाटक. रिकाम्या ट्रेलरचे ट्रक वाऱ्याने आडवे होतात, ते वेगळंच. पुढे तिथे रस्त्यालगत उंच लाकडी कुंपणं उभारली. त्यांच्यामागे वारा मंदावतो आणि बर्फ रस्त्याआधीच खाली बसतो.

मग दक्षिणेचा रस्ता सुरक्षित? तसंही नाही. आय-४० वरचं ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, तिथे भरपूर बर्फ पडतो. ओक्लाहोमात वेगळंच संकट: वरच्या ऊबदार थरात बर्फ वितळून झालेला पाऊस जमिनीलगतच्या गार थरातून येतो आणि टेकताक्षणी काच होतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही. मीठ टाकलं तरी उणे ९ अंश सेल्सियसखाली त्याचा जोर ओसरतो.

प्रवास पाच दिवसांचा, आणि इतक्या पुढचा अंदाज पक्का नसतो. हवेच्या सुरुवातीच्या मोजणीतली बारीक चूक दिवसागणिक फुगत जाते, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवलं. म्हणून युरोपचं हवामान केंद्र सुरुवात किंचित बदलून एकाच वेळी ५१ अंदाज काढतं. ते एकमेकांना धरून असले तर विश्वास ठेवावा; पांगले असले तर थांबावं.

म्हणूनच सेंट लुईस. सुमारे १,५०० किलोमीटर, दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. तिथून वर ओमाहाकडे वळून आय-८० धरता येतो, किंवा आय-४४ ने ओक्लाहोमा सिटी गाठून आय-४०. डोंगर आता एक-दोन दिवसांवर असतात, आणि एवढ्या जवळचा अंदाज बराच खरा ठरतो. तिसऱ्या रात्रीसाठी ओमाहात एक खोली आणि ओक्लाहोमा सिटीत एक, दोन्ही फुकट रद्द करता येतील अशा धरून ठेवा.