सिलोनचे श्रीलंका होण्यामागे

२२ मे १९७२ रोजी सिलोनने नवी राज्यघटना स्वीकारली, ब्रिटिश राजसत्तेशी उरलेला संबंध संपवून स्वतःला प्रजासत्ताक घोषित केले आणि देशाचे नाव श्रीलंका असे ठरवले. परक्यांनी लादलेले नाव टाकून देशाने आपले मूळ नाव परत घेतले, असे या घटनेचे वर्णन सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण टाकलेले नावही याच बेटावरच्या लोकांच्या नावातून आलेले होते.

बेटाच्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक ताम्रपर्णी. अशोकाच्या शिलालेखांतील ‘तंबपंणी’ म्हणजे हेच बेट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीकांनी त्याचेच तॅप्रोबेनी केले. ‘महावंस’ या पाली इतिवृत्तानुसार भारतातून बेटावर आलेल्या विजय नावाच्या राजपुत्राचे दमलेले साथीदार किनाऱ्यावर हात टेकून बसले, तेव्हा त्यांचे तळवे मातीने तांबडे झाले आणि त्यावरून हे नाव पडले. कथा आधी की नाव आधी, असे विचारल्यास नावाच्याच बाजूने कौल द्यावासा वाटतो.

विजयाचा पिता सिंहबाहू याने सिंह मारला, म्हणून त्याचे वंशज सिंहल म्हणवले गेले, असे तेच इतिवृत्त सांगते. पुढचा सारा प्रवास या दुसऱ्या नावाचा आहे. पालीत ते ‘सीहल’ झाले. सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस याने ‘सिएलेदिबा’ असे लिहिले, तर अरबांनी सिंहलद्वीपाचे ‘सरनदीब’ केले. (या अरबी रूपावरूनच होरेस वॉलपोल याने १७५४ मध्ये ‘सेरेंडिपिटी’ (अनपेक्षित सुखद योगायोग) हा इंग्रजी शब्द घडवला.) १५०५ मध्ये आलेल्या पोर्तुगीजांचे ‘सैलाव’, डचांचे ‘झैलान’ आणि इंग्रजांचे ‘सिलोन’ ही त्याच नावाची झिजलेली रूपे होत. तमिळमधील ‘ईळम’ हे नावही ‘सीहल’वरूनच आले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे, मात्र ते सर्वमान्य नाही.

‘लंका’ हे नाव पाली इतिवृत्तांत आहेच. सिंहली भाषक देशाला ‘लंकाव’ आणि तमिळ भाषक ‘इलंगै’ म्हणत आले होते, त्यामुळे १९७२ चा बदल त्यांच्या बोलण्यापेक्षा इंग्रजी व्यवहारातच अधिक जाणवला. नवे होते ते देशाच्या अधिकृत नावात आलेले ‘श्री’. एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या श्रीलंका फ्रीडम पार्टीच्या नावात ते आधीच होते, आणि बदल झाला तेव्हा त्याच पक्षाच्या सिरिमावो बंडारनायके पंतप्रधान होत्या. तमिळमधील अधिकृत नावात मात्र ‘श्री’ नाही. तिथे आजही नुसते ‘इलंगै’ आहे.

१९७८ च्या राज्यघटनेने ‘श्रीलंका लोकशाही समाजवादी प्रजासत्ताक’ हे पूर्ण नाव दिले. २०११ च्या आरंभी सरकारी संस्थांच्या नावांतूनही ‘सिलोन’ काढण्याचा निर्णय झाला. चहाला मात्र ‘सिलोन’ हेच नाव ठेवण्यात आले, कारण जगभरातील ग्राहक तो त्याच नावाने ओळखतात.