एज सूक्ष्मसेवा

वस्तुजालातील, म्हणजे इंटरनेट ऑफ थिंग्जमधील, सेन्सरांकडून येणारी माहिती उपकरणांजवळच तपासणे, गाळणे व तिच्यावर तत्काळ कृती करणे ही कामे एका मोठ्या प्रोग्रॅमऐवजी लहान, स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या सेवांकडे सोपवणारी सॉफ्टवेअररचना. ‘एज’ म्हणजे नेटवर्कचे उपकरणांकडचे टोक. गेटवे (उपकरणांना नेटवर्कशी जोडणारा लहान संगणक), कारखान्यातील औद्योगिक संगणक किंवा मोबाइल मनोऱ्याजवळचा सर्व्हर येथे या सेवा चालतात.

‘मायक्रोसर्व्हिस’ या शब्दाच्या उगमाबद्दल एकमत नाही. पीटर रॉजर्स यांनी २००५ मध्ये एका परिषदेत ‘मायक्रो-वेब-सर्व्हिसेस’ असा शब्द वापरला होता, त्यामुळे काही लेखक उगम तेथवर मागे नेतात. व्हेनिसजवळ मे २०११ मध्ये भरलेल्या सॉफ्टवेअररचनाकारांच्या कार्यशाळेत ‘मायक्रोसर्व्हिस’ हे नाव चर्चेत आले, पुढील वर्षी त्याच गटाने ते मुक्रर केले आणि जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या मार्च २०१४ मधील लेखाने ते सर्वत्र रूढ झाले. प्रत्येक सेवा इतरांना न हलवता बसवता आली पाहिजे, ही कसोटी मानली तर दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते.

‘एज’चा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाई कंपनीने वेबवरील मजकुराच्या प्रती वापरकर्त्यांजवळच्या सर्व्हरवर ठेवल्या. अनेक जण आरंभ तेथे मानतात. परंतु तेथे माहितीचा ओघ केंद्राकडून टोकाकडे होता, वस्तुजालात तो उलट असतो. महादेव सत्यनारायणन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ‘क्लाउडलेट’, म्हणजे वापरकर्त्याजवळ ठेवलेल्या छोट्या सर्व्हरची, कल्पना मोबाइल फोनसाठी होती. टोकाजवळच्या गणनाचा वस्तुजालाशी थेट संबंध सिस्कोतील फ्लाव्हिओ बोनोमी व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील ‘फॉग’विषयक (उपकरणे व दूरचे डेटा सेंटर यांच्यामधल्या पातळीवरील गणनाविषयीच्या) निबंधात स्पष्टपणे दिसतो. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने २०१८ मध्ये फॉग व एज यांत भेद केला; व्यवहारात मात्र तो फारसा पाळला जात नाही.

टोकाजवळ गणन करण्याचे कारण म्हणून विलंब नेहमी सांगितला जातो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो, म्हणजे १,००० किमी.वरील डेटा सेंटरपर्यंत जाऊन येण्यास केवळ अंतरापोटी १० मिलिसेकंद लागतात. संपर्क तुटला तरी काम चालू राहणे, हे कारण प्रत्यक्षात याहून वजनदार आहे.

क्लाउडमध्ये, म्हणजे दूरच्या मोठ्या डेटा सेंटरांत, सेवांचे तुकडे पाडण्याची दोन मुख्य कारणे होती : वाढत्या वापराप्रमाणे हवी तेवढीच सेवा वाढवता येणे आणि मोठ्या संस्थेतील गटांना वेगवेगळे काम करता येणे. एका गेटवेवर ही दोन्ही कारणे बरीच दुबळी पडतात. उरते ते उपकरणांचे वैविध्य. १९७९ चा मॉडबस आणि १९९९ चा एमक्यूटीटी हे प्रोटोकॉल (उपकरणांनी माहिती देण्याघेण्याचे नियम) एकाच कारखान्यात शेजारी नांदतात. प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळी सेवा असली, तर मीटर बदलताना उरलेल्या व्यवस्थेला हात लावावा लागत नाही, आणि एक ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारी सेवा, कोसळला तरी बाकीचे चालू राहतात.

याचे चांगले उदाहरण म्हणजे एजएक्स फाउंड्री. डेल कंपनीतील कामावर आधारलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प लिनक्स फाउंडेशनने एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केला. त्यात उपकरणसेवा, गाभासेवा, साहाय्यक सेवा व उपयोजनसेवा असे थर आहेत. आरंभीच्या सेवा जावात लिहिलेल्या होत्या. जावाची प्रत्येक प्रक्रिया आपले आभासी यंत्र (जावा प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) सोबत घेऊन चालते. सेवा डझनभर झाल्या की हा भार तितक्या वेळा पडतो. क्लाउडमध्ये तो खपून जातो, मोजक्या मेमरीच्या गेटवेवर नाही. म्हणून २०१८ मध्ये गाभ्याच्या सेवा गो भाषेत नव्याने लिहिण्यात आल्या. त्या वर्षीच्या एका आवृत्तीचे नाव ‘दिल्ली’ होते. आवृत्त्यांना इंग्रजी वर्णक्रमाने स्थळनामे देण्याची तेथे प्रथा पडली.

दुसरा फेरबदल अधिक बोलका आहे. आधी उपकरणसेवेने पाठवलेले वाचन (सेन्सरचे मोजमाप) गाभ्यातील डेटासेवेकडे जाई आणि तेथून पुढे प्रसारित होई, त्यामुळे ही एक सेवा सर्वांच्या वाटेत उभी होती. २०२१ मधील दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून उपकरणसेवा वाचन थेट संदेशवाहिनीवर, म्हणजे सेवांनी संदेश देण्याघेण्याच्या सामाईक मार्गावर, टाकू शकते. साठवण ऐच्छिक झाली. सेवा किती बारीक कराव्यात याला सर्वमान्य माप नाही. एकाच वाचनावर लागोपाठ काम करणाऱ्या दोन सेवा, त्या स्वतंत्रपणे बदलाव्या लागत नसतील तर, एकत्र ठेवणे टोकाजवळ सहसा श्रेयस्कर ठरते.

सेवा बसवण्यासाठी व अद्ययावत ठेवण्यासाठी कुबरनेटीस या, अनेक यंत्रांवर सेवा बसवून चालवणाऱ्या, प्रणालीच्या हलक्या आवृत्त्या वापरतात. २०१९ मध्ये आलेली के३एस ही त्यांपैकी एक. कुबरनेटीसवरच आधारलेली क्यूबएज ही प्रणाली आवश्यक नोंदी टोकाच्या यंत्रावरील एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवते. त्यामुळे क्लाउडशी संपर्क नसताना यंत्र पुन्हा सुरू झाले तरी सेवा त्या नोंदींवरून उभ्या राहतात.