कॉट बेसिसवरचा पत्ता

गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी गेलेली वीज दुपारी दोनला आली आणि पुण्यात नारायण पेठेतल्या, कर सल्लागार असलेल्या माझ्या मामांच्या ऑफिसातला प्रिंटर 'ऑफलाइन' झाला. दिवा हिरवा, वायफायची खूण चालू, ट्रेमध्ये कागद. तरी संगणक म्हणे, प्रिंटर सापडत नाही. जुलैचा शेवटचा आठवडा, विवरणपत्रांचा ढीग. मामांकडे बघवत नव्हतं.

प्रिंटर कुठेच गेला नव्हता. त्याची फक्त कॉट बदलली होती.

पेठांत स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहतात, तशी आपली यंत्रं राउटरकडे, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याकडे राहतात. नवं यंत्र येतं आणि पुकारतं, 'जागा आहे का?' राउटर एक रिकामा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता सुचवतो. यंत्र म्हणतं, 'हाच द्या.' राउटर म्हणतो, 'दिला.' या चार वाक्यांच्या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. पत्ता मुदतीवर मिळतो, बऱ्याच राउटरांत २४ तासांच्या. निम्मी मुदत सरली की यंत्र आपणहून ती वाढवून मागतं, त्यामुळे चालू यंत्राचा पत्ता सहसा हलत नाही. गोची होते वीज गेल्यावर, कारण अनेक घरगुती राउटरांची भाडेकरूंची वही तेव्हा कोरी होते. प्रिंटर जागा होईपर्यंत एका क्लायंटच्या नव्या फोननं १९२.१६८.१.५ ही त्याची कॉट पटकावली आणि प्रिंटर गेला ९ वर. संगणक मात्र ५ च्याच दारावर थापा मारत राहिला.

यावर पुष्कळ जण प्रिंटरमध्ये हातानं पत्ता टाकून मोकळे होतात. तो आकडा राउटरच्या वाटपातला असेल, तर उद्या तोच दुसऱ्याला जाऊ शकतो. मग एका कॉटवर दोघे! त्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधावं. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच बारा अंक-अक्षरांचा मॅक क्रमांक मिळालेला असतो. तो नोंदवला की राउटर त्या यंत्रासाठी ठरलेला पत्ता राखून ठेवतो. मामांच्या प्रिंटरला मी मुद्दाम ५ च दिला, कारण तो त्यांनी झाकणावर स्केचपेननं लिहून ठेवला होता.

(कधी पत्ता १६९.२५४ नं सुरू होताना दिसला, तर राउटरकडून कुणी उत्तरच दिलं नाही म्हणून यंत्रानं स्वतःच पथारी टाकली, असं समजावं. तेव्हा राउटर आणि वायर तपासायची.)

हे झालं वाड्याच्या आतलं. १९२.१६८ चे पत्ते कोथरूडातही तेच, कात्रजलाही तेच. बाहेर ते चालत नाहीत. बाहेरच्या जगाला राउटरचा एकच पत्ता दिसतो आणि तोही इंटरनेट कंपनी अधूनमधून बदलते. मामांना तर घरून ऑफिसच्या संगणकातली फाइल उघडायची होती. पेठेत घर क्रमांक कोण सांगतं? पत्र्या मारुतीजवळ म्हटलं की माणूस पोचतो. डायनॅमिक डीएनएस तेच करतं: नाव कायम, पत्ता बदलला की राउटर त्या नावापुढे नवा आकडा नोंदवतो.

सगळं जुळवलं, तरी फाइल उघडेना. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ नं सुरू होत होता, तिथे ट्यूब पेटली. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी २०१२ साली इंटरनेट कंपन्यांसाठी राखली गेली, अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवता यावं म्हणून. आयपीव्ही४, म्हणजे पत्त्यांच्या या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. त्यामुळे आता अख्ख्या पेठेला एकच दरवाजा. बाहेरून नाव पुकारलं, तरी निरोप कुणाच्या खोलीत द्यायचा हे त्या दरवाज्याला कळत नाही.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत ही टंचाई नाही, पण मामांच्या जोडणीवर ते चालू नव्हतं. उरलं पैसे भरून स्थिर पत्ता घेणं. मामांनी कंपनीला फोन लावला, महिन्याचा दर ऐकला, 'कळवतो' म्हणाले आणि खणातून पेन ड्राइव्ह काढला.