ब्रिमोनिडिन जेल आणि ऑक्सिमेटाझोलिन क्रीम: लालीवरची दोन औषधं, पण एकच नव्हेत

रोझेशिया म्हणजे चेहरा सतत लाल राहणारा त्वचेचा आजार; त्याची लाली कमी करायला ही दोन नावं इतकी एकत्र येतात की लोकांना वाटतं औषध एकच, फक्त कंपनी वेगळी. तसं नाहीये, आणि हे चेहऱ्यावर लावायच्या आधी कळलेलं बरं.

आधी सारखेपणा बघू. रोझेशियात गाल, नाक, कपाळ, हनुवटीच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहतात म्हणून तिथे कायमची लाली दिसते. दोन्ही औषधं त्या वाहिन्या काही तासांपुरत्या आवळतात, बस. दोन्ही मुळात जुनी औषधं, ब्रिमोनिडिन काचबिंदूच्या ड्रॉप्समध्ये होतं आणि ऑक्सिमेटाझोलिन चोंदलेलं नाक मोकळं करायच्या स्प्रेमध्ये, मग त्यांचाच चेहऱ्यासाठी नवा अवतार तयार केला. ब्रिमोनिडिन जेलला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 2013 मध्ये मंजुरी दिली, ऑक्सिमेटाझोलिन क्रीमला 2017 मध्ये. त्याआधी मेट्रोनिडाझोल, अझेलिक अ‍ॅसिड वगैरे होतंच, पण ते मुख्यतः पुटकुळ्यांसाठी, नुसत्या कायमच्या लालीसाठी मंजूर झालेलं लावायचं औषध नव्हतं. त्यामुळे ज्यांना पुटकुळ्या नाहीत पण चेहरा सतत लाल, त्यांच्यासाठी ही खरंच मोठी गोष्ट होती.

आता फरक. रक्तवाहिन्या आवळायचा संदेश घेणारे रिसेप्टर वेगवेगळ्या प्रकारचे असतात; ब्रिमोनिडिन अल्फा-2 प्रकारावर काम करतं, ऑक्सिमेटाझोलिन मुख्यतः अल्फा-1ए वर. जेलचा परिणाम साधारण अर्ध्या तासात दिसायला लागतो आणि बऱ्यापैकी जोरात दिसतो. दोन्हींच्या चाचण्यांत महिनाभर रोज एकदा औषध लावून 29व्या दिवशी 3, 6, 9 आणि 12 तासांनी चेहरा तपासला, आणि लाली मोजायच्या पट्टीवर ती दोन पायऱ्या उतरली असं डॉक्टर आणि पेशंट दोघांनीही म्हटलं तरच ते यश धरलं, म्हणजे निकष कडकच. ब्रिमोनिडिनच्या एका चाचणीत तिसऱ्या तासाला 31 टक्के लोक पास झाले, औषध नसलेल्या जेलवर 11 टक्के. ऑक्सिमेटाझोलिनच्या एका चाचणीत त्याच वेळी 12 टक्के, औषध नसलेल्या क्रीमवर 6. चाचण्या वेगवेगळ्या आहेत म्हणून आकडे थेट समोरासमोर ठेवता येत नाहीत, पण अपेक्षा किती ठेवायची ते कळतं.

मग सगळ्यांनी जेलच घ्यावं का? इथेच खरी मेख आहे. ब्रिमोनिडिनमध्ये रिबाउंड होऊ शकतो, म्हणजे असर उतरला की लाली आधीपेक्षा जास्त भडकते, आग होते, आणि काहींचा चेहरा उलट नको तितका पांढरा पडतो. ऑक्सिमेटाझोलिनच्या चाचण्यांत रिबाउंड फार कमी लोकांना झाला. म्हणून माझं मत, सेन्सिटिव्ह त्वचा असेल तर डॉक्टरांशी आधी क्रीमबद्दल बोला, आणि जेलच ठरलं तर थोड्याशा जागेवर अगदी कमी लावून पूर्ण दिवस बघा, लग्नकार्याच्या सकाळी पहिला प्रयोग अजिबात नको.

आणि नाकाचा स्प्रे चेहऱ्यावर मारायचा जुगाड करू नका, प्लीज. त्यात साधारण 0.05 टक्के औषध असतं, क्रीममध्ये 1 टक्का, शिवाय तो नाकासाठी बनवलेला आहे. हृदयाचा आजार, बीपीचा त्रास, रेनॉड (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून ती पांढरी पडण्याचा त्रास), डिप्रेशन किंवा त्याची औषधं चालू असतील तर दोन्हींच्या बाबतीत डॉक्टरांना आधी सांगायचंच. ट्यूब लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर मूल गंभीर आजारी पडू शकतं.

बाकी पुटकुळ्या दोन्हींनी जात नाहीत, त्यासाठी आयव्हरमेक्टिन क्रीमसारखं वेगळं औषध लागतं. आणि गालावर स्पष्ट दिसणाऱ्या लाल रेषा, म्हणजे कायमच्या रुंदावलेल्या वाहिन्या, त्यावर यांचा फारसा उपयोग नाही, लाली उतरली की त्या उलट जास्तच उठून दिसू शकतात, त्यांच्यासाठी लेझरबद्दल विचारा.