घटस्फोट नसलेल्या देशातल्या प्रेमकथा

फ्रान्समध्ये घटस्फोट राज्यक्रांतीने आणला, १७९२ साली. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेने तो अवघड केला, आणि राजेशाही परतल्यावर ८ मे १८१६ रोजी तो बंदच झाला. पुन्हा मिळाला थेट २७ जुलै १८८४ ला. मधल्या काळात कोर्टाकडून विभक्त राहण्याची परवानगी मिळे, दुसरं लग्न मात्र नाही. त्या अडुसष्ट वर्षांतल्या कादंबऱ्यांत विवाहितेचं प्रेम बहुधा मरणाशी किंवा मठाच्या दाराशी का संपतं, याचं कारण लेखकांच्या हळवेपणापेक्षा कायद्यात जास्त आहे.

नागरी संहितेच्या कलम २१३ प्रमाणे नवऱ्याने रक्षण करायचं, बायकोने आज्ञा पाळायची. १८१० च्या दंडसंहितेत व्यभिचारी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षं कैद होती. नवऱ्याला दंड फक्त १०० ते २,००० फ्रँक, तोही राहत्या घरातच रखेल ठेवली आणि बायकोने तक्रार केली तर! राहत्या घरात दोघांना रंगेहाथ पकडून नवऱ्याने खून केला, तर शिक्षेत सवलत.

लेखिका जॉर्ज सांदच्या ‘इंडियाना’ कादंबरीत (१८३२) नायिकेची सुटका नवरा मेल्यावरच होते. दुसरी वाट कथेत नव्हती, कारण ती देशातच नव्हती. खुद्द सांदलाही १८३६ साली विभक्त राहण्यापुरताच निकाल मिळाला. धाकट्या द्यूमाच्या ‘कॅमेलियावाली’त (१८४८) तर प्रेयसीला दूर करायला कायदाही लागत नाही. या संबंधामुळे आपल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडेल, एवढं प्रियकराच्या बापाचं म्हणणं पुरतं.

फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ मात्र नीट वाचावी ती हिशेबाच्या वहीसारखी. नागरी संहितेच्या कलम २१७ मुळे नवऱ्याच्या संमतीविना बायकोला मालमत्ता विकता किंवा गहाण टाकता येत नसे. म्हणून कापडवाला लरो नायिका एमाला नवऱ्याकडून मुखत्यारपत्र घ्यायला लावतो, मग उधारीच्या हुंड्यांवर हुंड्या, नूतनीकरण, व्याज. शेवटी चोवीस तासांत ८,००० फ्रँक भरण्याची नोटीस येते. एमा विष घेते ती प्रियकराने टाकल्याच्या दिवशी नव्हे, जप्ती दारात आल्यावर. प्रेमभंगाची कादंबरी म्हणून वाचणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं.

सरकारी वकील पिनार यांच्याही नजरेतून सुटलं. कादंबरी १८५६ च्या अखेरीस ‘रव्ह्यू द पारी’त क्रमशः आली. बंद बग्गीतला एमा आणि प्रियकराचा प्रसंग संपादकांनी आधीच कापला होता, तरी जानेवारी १८५७ मध्ये सार्वजनिक व धार्मिक नीतीच्या अवमानाचा खटला उभा राहिला. पिनार यांना खुपत होतं ते हे, की एमाला दोषी ठरवू शकेल असं एकही पात्र पुस्तकात नाही. वाचन म्हणून ते चुकीचं नव्हतं. ७ फेब्रुवारीला फ्लोबेर सुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच पिनार यांनी बोदलेरच्या सहा कवितांवर बंदी मिळवली.

१८८४ च्या कायद्यानेही परस्परसंमतीचा घटस्फोट दिला नाही, दोष सिद्ध करावा लागे. आणि व्यभिचारावरून घटस्फोट झाला, तर ज्या व्यक्तीशी व्यभिचार झाला तिच्याशी लग्न करण्याची मनाई १९०४ पर्यंत कायम होती.