शेकडा वीस की शंभर मिलिग्रॅम?

‘गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात २० टक्के ईपीए असतं’ असं कुणी लिहिलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: कशाच्या २० टक्के? ईपीए हे ओमेगा-३ गटातलं एक मेदाम्ल, म्हणजे मेदाचा एक घटक. अख्ख्या मांसात मेदच जेमतेम एक-दोन टक्के, त्यात हे वीस बसवायचे कुठे?

ही टक्केवारी मांसातली नव्हे, एकूण मेदाम्लांमधली. ती फक्त वाटणी सांगते. माल किती आहे ते मिलिग्रॅम सांगतात. एक शिंपला उपाशी ठेवून बघू. समजा, १०० ग्रॅम मांसात मेदाम्लं १००० मिलिग्रॅम आणि त्यात ईपीए १५०, म्हणजे १५ टक्के. काही आठवडे शेवाळ मिळालं नाही. शिंपला आधी साठ्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीचा मेद, जाळतो. पेशींच्या पडद्यांतल्या फॉस्फोलिपिडांना, म्हणजे पडदे ज्यांचे बनतात त्या मेदांना, तो शक्यतो हात लावत नाही, आणि ईपीएचा मोठा वाटा तिथंच असतो. आता मेदाम्लं उरली ५००, ईपीए १००. टक्के किती? वीस! ईपीए एक-तृतीयांशानं घटलं आणि तक्त्यात ते चक्क वाढलेलं दिसतं. त्यावरून ‘उपासमारीत शिंपला ईपीए बनवतो’ असा निष्कर्ष वाचला की कपाळावर हात मारावासा वाटतो.

हा घोळ प्रयोगशाळेतच सुरू होतो. मेदाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या आलेखात प्रत्येक मेदाम्लाचं एक शिखर दिसतं; त्या शिखरांवरून टक्केवारी आयती मिळते. मिलिग्रॅम हवे असतील तर मेद काढतानाच ठाऊक वजनाचं एखादं परकं मेदाम्ल नमुन्यात घालावं लागतं; त्याच्या शिखराशी ताडून बाकीच्यांचं वजन काढता येतं. ते १९ कार्बनचं घ्यावं. बरेचजण सवयीनं १७ कार्बनचं घेतात, पण पाणी गाळताना जिवाणूही गिळणाऱ्या या प्राण्यात ते मुळातच थोडंफार असतं. मापाच्या पारड्यात आधीच माल पडलेला!

वजन ओलं की सुकं, तेही लिहा. मांसात ८० टक्के पाणी धरलं, तरी आकडा पाचपट बदलतो.

समुद्री शिंपल्याशी तुलनेचं म्हणाल, तर त्यावर पानंच्या पानं भरायची गरज नाही. सहसा समुद्रातल्यात ईपीए-डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं जास्त, गोड्या पाण्यातल्यात ॲरॅकिडोनिक आणि लिनोलिक या ओमेगा-६ आम्लांचा वाटा मोठा. म्हणून गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात ओमेगा-३ आणि ओमेगा-६ यांचं गुणोत्तर खाली येतं. हे गुणोत्तर वजनी टक्क्यांवरून काढा नाहीतर मिलिग्रॅमवरून, उत्तर एकच. तेवढ्या कामाला टक्क्यांचा तक्ता खुशाल वापरा.